त्यांच्या घरी मटण शिजत होतं

ताई, सलाम.

आमची ख्रिस्ती मंडळी पुण्याच्या एका उपनगरात आहे. मदत फंडातून दर महिन्याला आम्ही बावीस कुटुंबांना किराणा किट देतो. पाच किलो तांदूळ, किलोभर तूरडाळ, तेलाची पिशवी, साखर, चहा, साबण. यंदा मला कमिटीत घेतलं आणि घरोघरी किट पोचवायचं काम माझ्याकडे आलं.

त्यांतलं एक कुटुंब अहिल्यानगर जिल्ह्यातून कामासाठी आलेलं. नवरा-बायको, सासू आणि दोन मुलं. बाई चार घरची धुणीभांडी करते. नवरा बिगारी कामावर जातो, पण पितो. मागच्या महिन्यात आम्ही दोघी गेलो, तर भिंतीवर नवा टीव्ही, बाईच्या हातात चांगला मोबाइल आणि गॅसवर मटण शिजत होतं. धाकटीचा वाढदिवस होता, केकही आणला होता. बरोबरच्या बाई तिथे काही बोलल्या नाहीत, पण मीटिंगमध्ये त्यांनी विषय काढला. आता पुढच्या मीटिंगला तीन ठराव आहेत. ह्या कुटुंबाचं किट बंद करायचं. जे दर रविवारी उपासनेला येतात त्यांनाच किट द्यायचं. आणि किट देताना फोटो काढून ग्रुपवर टाकायचे, म्हणजे देणगीदारांची खात्री पटेल. खजिनदारांनी बायबलमधलं प्रेषित पौलाचं वचनही वाचून दाखवलं, की जो काम करू इच्छीत नाही त्याने खाऊही नये.

मी गप्प बसले. खरं सांगायचं तर त्या दिवशी माझ्याही मनात आलं होतं, की महिनाअखेरीला आमच्या घरी मटण येत नाही. तेव्हापासून उपासनेत मन लागत नाही. दोष काढू नका असं प्रभू म्हणतो. पण लोकांच्या दानाचा पैसा डोळे मिटून वाटायचा का? मीटिंगमध्ये मी काय बोलू?

— एक बहीण, पुणे

प्रिय बहिणीस सलाम.

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे. डोळे मिटून वाटायचं का? नाही. मंडळीच्या पैशात कुणा विधवेची पेन्शन असते, कुणाच्या पहिल्या पगाराचा दशांश असतो. तो कुठे जातो हे पाहणं कमिटीचं कामच आहे. पण पाहायचं काय? घरात खाणारी तोंडं किती, कमावणारे हात किती, भाडं किती, आजारपण कुणाचं, शाळेची फी थकली आहे का, हे खुशाल विचारा. ती गरज झाली आणि गरज मोजता येते. पहिल्या शतकातल्या मंडळ्यांतही विधवांची यादी असायची, कुणाचं नाव घालावं ह्याबद्दल तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात सूचना आहेत. यादी करण्यात पाप नाही. मात्र हा माणूस चांगला की वाईट, मदत घ्यायच्या लायकीचा की नाही, हे तोलायला आपल्याला कुणी बसवलेलं नाही. तुमच्या मीटिंगमध्ये नेमकी इथे गल्लत झाली. मटण आणि केक पाहून कुणी विचारलं नाही, की ह्या घराची गरज आता संपली का? चर्चा झाली ती ह्यांची लायकी आहे का, ह्यावर.

नियमशास्त्रात एक लहानसा नियम आहे. त्यावर उपदेश फारसा होत नाही, म्हणून इथे सांगते. बायबलमधल्या ‘अनुवाद’ ह्या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात म्हटलं आहे, की शेजाऱ्याला काही उसनं दिलंत तर गहाण वस्तू घ्यायला त्याच्या घरात शिरू नका. बाहेर उभे राहा. तो स्वतः ती बाहेर आणून देईल. तो गरीब असला आणि त्याने पांघरूण गहाण ठेवलं असलं, तर सूर्य मावळताना ते परत करा. पैसा देणाऱ्याचा, वसुलीचा हक्कही त्याचाच, तरी उंबरठा मात्र घेणाऱ्याचा. कर्ज दिलेल्या माणसालाही आत जाऊन भांडीकुंडी पाहायची मुभा नाही. मग आपण तर दान देतो, ते परत मागायचंही नसतं. आपल्याला गॅसवरचं पातेलं तपासायची मुभा कुठून आली? तुम्ही मुद्दाम डोकावलात असं मी म्हणत नाही. एका खोलीच्या घरात सगळंच दिसतं. पण दिसलेलं मीटिंगमध्ये नेऊन मांडणं ही आपण होऊन केलेली गोष्ट आहे, आणि ती तिथे घडली.

आता त्या मटणाबद्दल आणि केकबद्दल. बेथानी गावच्या मरीयेने प्रभूच्या पायांना सुगंधी तेल लावलं, तेव्हा त्याची किंमत कुणी काढली? यहूदाने, प्रभूच्याच एका शिष्याने. तीनशे दीनार, म्हणजे मजुराची जवळपास वर्षभराची कमाई. हे विकून गरिबांना का दिलं नाही, असं तो म्हणाला. प्रभूने मरीयेची बाजू घेतली. प्रेमापोटी एखाद्या दिवशी सढळ हाताने केलेला खर्च त्याला उधळपट्टी वाटला नाही. त्या आईने मुलीच्या वाढदिवसाला चार पैसे जास्त खर्च केले असतील. वर्षभर दुसऱ्यांच्या घरची खरकटी भांडी घासणाऱ्या बाईने एक दिवस आपल्या लेकरांना पोटभर मटण वाढलं. ह्यात मला तरी आनंदच वाटतो, आणि तो आनंद तुमच्या कमिटीला वाटला नाही ह्याचं वाईट वाटतं.

टीव्ही बहुधा हप्त्यावरचा असेल, आणि दिवसभर घरात एकटी बसणारी सासू तो पाहत असेल. मोबाइलचं म्हणाल, तर आज मोबाइल नसलेला गरीब सरकारला दिसतच नाही. रेशनकार्डाला ई-केवायसी, लाडकी बहीणला ई-केवायसी, बँकेचा ओटीपी, शाळेचा अभ्यास ग्रुपवर. चार घरच्या मालकिणी ‘आज लवकर ये’, ‘उद्या नको’ हे सांगणार ते फोनवरच. किटपेक्षा मोठी मदत खरं तर इथे करता येईल. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानुसार रेशनच्या ‘प्राधान्य कुटुंब’ गटातल्या प्रत्येक माणसाला महिन्याला पाच किलो धान्य मिळतं, आणि २०२३ पासून ते मोफत आहे. पाच माणसांचे पंचवीस किलो होतात, तुमच्या किटमधल्या तांदळाच्या पाचपट. ह्या कुटुंबाचं कार्ड गावी आहे की इथे? मुलांची नावं चढली आहेत का? दुकानातल्या मशीनवर सासूबाईंचा अंगठा उमटतो का? कमिटीतल्या कुणी एक दिवस त्यांच्याबरोबर रेशनच्या ऑफिसात घालवला, तर कदाचित किटची गरजच कमी होईल. चौकशी करायची तर ती अशी.

नवऱ्याची दारू हा सोपा विषय नाही आणि मी तो झटकून टाकणार नाही. पण किट बंद केल्याने दारू सुटत नाही. ताट रिकामं होतं ते सासूचं आणि मुलांचं. गरिबाच्या हातात मदत पडली की ती दारूत जाते, हा समज जुना आहे. जागतिक बँकेसाठी डेव्हिड इव्हान्स आणि अ‍ॅना पोपोवा यांनी अनेक देशांतले अभ्यास एकत्र करून २०१४ साली हाच प्रश्न तपासला. रोख मदत मिळाल्याने दारू-तंबाखूवरचा खर्च वाढतो, असं त्यांना आढळलं नाही. तुमचं तर किट आहे, तेल आणि डाळ. ते बाईंच्या हातात द्या, त्या सांगतील त्या वेळी द्या. त्यांना बोलायचं असेल तर ऐका. पुण्यातच येरवड्याला मुक्तांगण १९८६ पासून व्यसनमुक्तीचं काम करतं आहे. नवऱ्याची तयारी असेल त्या दिवशी त्याच्याबरोबर तिथवर जाणारा एक पुरुष मंडळीतून मिळाला, तर ती शंभर किटांच्या तोडीची सेवा होईल.

खजिनदारांनी वाचलेलं वचन थेस्सलनीकेच्या मंडळीला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातलं आहे. ते अर्धंच वाचलं गेलं. पौल बोलतो आहे ते काम टाळून दुसऱ्यांच्या कामांत ढवळाढवळ करत फिरणाऱ्या माणसांबद्दल. आणि तीनच वचनं पुढे तो मंडळीला सांगतो, की बरं करताना थकू नका. ज्या घरात बाई पहाटेपासून चार घरची भांडी घासते, त्या घराला हे वचन कसं लावणार?

एक गोष्ट मीटिंगमध्ये कुणी बोलणार नाही, म्हणून मी लिहिते. ‘गावाकडून आलेले’ म्हणताना आपल्या मंडळ्यांत कधी कधी जातीचा वास येतो. ह्या कुटुंबाची जात मला ठाऊक नाही, तुम्ही लिहिली नाहीत हे चांगलंच केलंत. पण आपल्यातली पुष्कळ घरं पूर्वीच्या महार-मांग वाड्यांतून आलेली आहेत. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे दलित माणूस ख्रिस्ती झाला, की अनुसूचित जातीत त्याची गणना होत नाही. गाव त्याला पूर्वीच्याच जागी बसवतं आणि सरकारदरबारी अनुसूचित जातीचा दाखला मात्र मिळत नाही. ज्या घरांत दोन पिढ्यांपूर्वी मिशनच्या शाळेमुळे मास्तरकी किंवा नर्सची नोकरी आली, ती घरं आज कमिटीत बसतात. ज्यांच्या गावी शाळा पोचली नाही, ती किट घेतात. ह्यात कुणाचं शील चांगलं होतं आणि कुणाचं वाईट, हा प्रश्नच येत नाही.

इथून दुसऱ्या ठरावाकडे येते. तो मला तिघांत सगळ्यांत जास्त खटकला. उपासनेला येईल त्यालाच किट. १८७६ ते ७८ चा दुष्काळ, मग १८९६-९७ आणि १८९९-१९०० चे दुष्काळ, ह्या काळात मिशनांनी लोकांना अन्न आणि काम दिलं. पुष्कळ माणसं त्या सुमारास ख्रिस्ती झाली आणि ‘पोटासाठी बाटले’ हा टोमणा त्यांच्या नातवंडा-पतवंडांना आजही ऐकावा लागतो. तो टोमणा आपल्या पूर्वजांच्या विश्वासाचा अपमान आहे, असं आपण ठामपणे म्हणतो. मग आपणच डाळ-तांदळाला हजेरीची अट घालायची? प्रभूने दहा कुष्ठरोगी बरे केले आणि आभार मानायला एकच परत आला. बाकीचे नऊ कुठे आहेत, असं त्याने विचारलं, त्याला ते लागलंही असेल. पण त्या नऊ जणांचं कुष्ठ त्याने पुन्हा अंगावर घातलं नाही.

रमाबाईंबद्दल इथे लिहिल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. आपण पंडिता रमाबाईंचं नाव अभिमानाने घेतो, त्यांच्या मुक्ती मिशनला केडगावला सहली नेतो, पण त्यांनी आपल्या साक्षीत जे लिहिलं ते कमिटीत बसणाऱ्या प्रत्येकाने वाचायला हवं. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण त्यांना सोडून गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास उपाशीपोटी पायी देश फिरले. झेलमच्या काठी थंडीत पांघरूण नव्हतं, म्हणून दोघं वाळूत खड्डे करून, अंगावर वाळू ओढून रात्र काढायची. भीक मागायला आणि हलकं काम करायला आपल्या कुटुंबाला अभिमान आड येत होता, हेही त्यांनी लपवलं नाही. आजच्या एखाद्या कमिटीपुढे ते कुटुंब आलं असतं, तर त्यांना तेच थेस्सलनीकेचं वचन वाचून दाखवलं गेलं असतं आणि शास्त्र्याच्या त्या हुशार मुलीचं नाव यादीतून खोडलं गेलं असतं.

पुढे १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. वाँटेजच्या मठातल्या भगिनींनी त्यांना लंडनमध्ये फुलमला पाठवलं. तिथे त्या भगिनी समाजाने टाकलेल्या, ‘पतित’ म्हटल्या जाणाऱ्या बायांची सेवा करत होत्या. रमाबाईंना नवल वाटलं. अशा बायांवर एवढी माया का, असं त्यांनी विचारलं. तेव्हा त्यांना शोमरोनी बाई आणि प्रभू यांची विहिरीवरची भेट सांगण्यात आली. तिचे पाच नवरे झाले होते, सहावा नवराही नव्हता. प्रभूला ते ठाऊक होतं, त्याने ते बोलूनही दाखवलं, पण तिला हाकललं नाही. उलट आधी तिच्याकडेच पाणी मागितलं. रमाबाईंच्या मनाने ख्रिस्ताकडे घेतलेल्या वळणात ह्या भेटीला मोठी जागा आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी शेकडो उपाशी मुली आणि विधवा आणल्या, तेव्हा कुणाची वागणूक कशी होती हे विचारून निवड केली नाही. आणि केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये फसवल्या गेलेल्या, बदनाम झालेल्या बायांसाठी त्यांनी वेगळं घर उघडलं. त्याचं नाव कृपासदन. तुमच्या मीटिंगमध्ये कुणी म्हणालं, की असं न पाहता देणं व्यवहाराला धरून नाही, तर केडगाव पुण्यापासून फार लांब नाही एवढं सांगा.

चौथ्या शतकाच्या शेवटी अंत्युखिया नगरात योहान क्रिसोस्तोम ह्या धर्मगुरूंनी प्रभूने सांगितलेल्या लाजर आणि श्रीमंत माणूस ह्या दाखल्यावर उपदेश केले. दान देणारा हा बंदरासारखा असतो, असं त्यांनी सांगितलं. तारू फुटून आलेल्याला बंदर आत घेतं, तू भला की बुरा हे विचारत नाही. गरिबाची गरज हीच त्याची लायकी, दुसरी लायकी शोधू नका, असा त्यांचा आग्रह होता. त्या दाखल्यात लाजर सद्गुणी होता असं कुठे लिहिलेलं नाही. तो भुकेला होता आणि दाराशी पडला होता, एवढंच आपल्याला कळतं.

फोटोच्या ठरावावर फार लिहावं लागू नये. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये, हे डोंगरावरच्या प्रवचनात आहे. त्या ग्रुपवर मुलांच्या वर्गमित्रांचे आईवडील आहेत. हिशेब हवा तर ग्रुपवर किराणा दुकानाची पावती टाका आणि किती किटं दिली तो आकडा टाका. देणगीदारांची खात्री तेवढ्याने पटते. चेहरे कशाला हवेत?

कमिटीसमोर ठेवायला एक सूचना तुम्हाला देते. बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ ह्या पुस्तकात, सहाव्या अध्यायात, यरुशलेमच्या मंडळीत कुरकुर झाली, तीही अन्नवाटपावरूनच. ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होत होतं. तेव्हा सात जण निवडले गेले आणि त्या सातांची नावं पाहा, स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना, निकलाव. सगळी ग्रीक नावं. ज्यांची तक्रार होती, त्यांच्यातल्याच लोकांच्या हाती वाटपाचं काम दिलं गेलं असावं. तुमच्या कमिटीत किट घेणारी किंवा कधी काळी घेतलेली एक तरी बाई आहे का? नसेल तर घ्या. साबण नको, त्याऐवजी सॅनिटरी पॅड हवेत, तांदळापेक्षा ज्वारीचं पीठ चालेल, हे तीच सांगू शकेल. कुणाच्या घरी खरोखर चूल पेटलेली नाही, हेही तिला तुमच्या आधी कळेल.

फसवणूक होतच नाही असं मी म्हणत नाही. एखादं कुटुंब दोन मंडळ्यांतून किट घेत असेल, तर एकाने पुरत नसेल अशीही शक्यता धरा आणि एका माणसाने एकांतात जाऊन विचारा. एखाद्याची गरज खरंच संपली, तर तेही तोंडावर सांगा, दोन महिन्यांची मुदत द्या, आभार माना. बावीस किटं असताना तेविसावं, जास्त गरजू कुटुंब आलं, तर कुणाचं तरी थांबवावं लागेल. ते आधीच सगळ्यांना ठाऊक असलेल्या नियमाने थांबवा. पाठीमागे ठराव करून नको.

आता तुमच्या मनातल्या त्या विचाराबद्दल. महिनाअखेरीला तुमच्या घरी मटण येत नाही, हे तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात, पण मला तिथे थांबावंसं वाटलं. तुमचीही ओढाताण चालली आहे. ज्यांची ओढाताण असते पण ज्यांना किट मिळत नाही, अशी घरं प्रत्येक मंडळीत असतात. ती दर महिन्याला दुसऱ्यांसाठी पिशव्या भरतात आणि त्यांना कुणी ‘तुमचं कसं चाललंय?’ म्हणून विचारत नाही. तिथून हा विचार येतो. तो आला म्हणून स्वतःला दोषी ठरवत बसू नका, स्वतःवरही थोडी दया करा. प्रार्थनेत तो जसा आहे तसा प्रभूपुढे ठेवा. पाळकसाहेबांच्या पत्नीला किंवा भगिनी मंडळातल्या एखाद्या जवळच्या बाईला आपल्या घरची अडचण सांगा. किट मागायला नव्हे, ओझं हलकं करायला.

मीटिंगच्या आधी पाळकसाहेबांना एकट्या भेटा. तीन ठरावांवर तुम्हाला काय वाटतं ते शांतपणे सांगा, अनुवादाचा चोविसावा अध्याय काढून दाखवा, आणि पहिला ठराव मांडणाऱ्या बाईंना वाईट ठरवू नका. त्यांनाही बहुधा दानाच्या पैशाची काळजीच आहे. मीटिंगमध्ये बोलायची भीती वाटली तर लिहून न्या आणि वाचा. आणि त्याआधी एकदा त्या घरी रिकाम्या हाताने जाऊन या. मुलीला वाढदिवसाच्या शुभेच्छा द्यायच्या राहिल्या होत्या म्हणा. चहा दिला तर प्या, आणि रेशनकार्डाचं काय झालं ते विचारा. ते काम अडलं असेल तर कार्डावर पत्ता कुठला आहे ते मला कळवा. शिधापत्रिका विभागात अर्ज कसा करायचा ते पुढच्या अंकात सविस्तर देईन.